हुलकावणी : पाटीवरची आणि पडद्यावरची

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सौंदडला आम्ही दोघे सहकारी ज्या वर्गावर मराठी शिकवतो, तेथे एका रिकाम्या तासाला मागच्या बाकाभोवती गर्दी जमली होती. एका जुन्या लॅपटॉपवर ‘टेकन ३’ चालू होता. हा खेळ १९९७ सालचा, म्हणजे तो खेळणाऱ्या मुलांपेक्षा वयाने मोठा. परंतु कोणत्याही मोडक्यातोडक्या संगणकावर चालतो, म्हणून अजून तगून आहे. आम्ही दारात उभे राहून पाहत होतो. एक मुलगा सारखे फटके मारत होता. दुसरा मागे सरकत होता, मध्येच आडवे एक पाऊल टाकत होता, आणि तीनचार फटके हवेत गेले की एकच ठोसा लगावत होता. मागे सरकणाराच जिंकला. हरलेल्याने आमच्याकडे वळून तक्रार केली, ‘‘सर, हा लढतच नाही, नुसता पळतो.’’ त्यावर जिंकलेला म्हणाला, ‘‘पळत नाही सर, मी त्याला मारायला लावतो.’’

त्या दिवशी आम्हांला बखरवाङ्मय शिकवायचे होते, आणि ते आम्ही शिकवलेही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. लढाईचे वर्णन करणाऱ्या आपल्या वाङ्मयाने वार करणाऱ्याचे इतके कौतुक केले आहे, की वार चुकवणाऱ्यासाठी तेथे फारशी जागा उरली नाही. पोवाड्यात तलवार चालते. ती कोणी कशी चुकवली हे क्वचितच सांगितले जाते. भाषेत मात्र या क्रियेसाठी शब्दांची गर्दी आहे. हूल देणे, हुलकावणी देणे, झुकांडी देणे, गुंगारा देणे, हातावर तुरी देणे, बगल देणे, चकवणे. यांतील बहुतेकांचे क्रियापद ‘देणे’ हे आहे, याकडे आम्ही अभ्यासकांचे लक्ष वेधू इच्छितो. मराठीत चुकवणारा माणूस समोरच्याला काहीतरी देतो. पळणारा देत नाही. तो पळ ‘काढतो’ किंवा पाय ‘काढता’ घेतो. वर्गातल्या त्या दोन मुलांचा वाद भाषेने फार पूर्वी निकालात काढून ठेवला होता, असे म्हणायला हरकत नाही.

येथे ‘गनिमी कावा’ हा शब्द आणण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळतो, कारण तो शब्द आज कशालाही लावला जातो आणि त्यामुळे त्यातून काहीच सांगितले जात नाही. त्याऐवजी एकाच नावाच्या दोन पेशव्यांकडे पाहावे. १७२८ साली पहिला बाजीराव निजामाशी समोरासमोर भिडला नाही. निजाम पुण्यापर्यंत आलेला असताना बाजीराव त्याच्याच मुलखात फिरत राहिला, बऱ्हाणपुरावर जाण्याची हूल त्याने दिली, आणि त्याच्या मागे निघालेल्या निजामाला जड तोफखाना मागे ठेवावा लागला. फेब्रुवारीच्या अखेरीस पालखेडजवळ निजामाची फौज पाण्यावाचून कोंडली गेली आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. दुसरा बाजीरावही असाच फिरला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, त्यानंतर तो जवळजवळ सात महिने चालतच होता. चांद्याच्या रोखाने तो आमच्या विदर्भातही आला होता; एप्रिल १८१८ मध्ये पांढरकवड्याजवळ शिवणी येथे त्याच्या फौजेची दाणादाण उडाली आणि ३ जून रोजी तो माल्कमच्या स्वाधीन झाला. दोघांनीही अंतर कापले, दोघांनीही लढाई टाळली. इतिहासाने एकाला सेनापती म्हटले आणि दुसऱ्याला ‘पळपुटा’. पहिला चालत होता तो निजामाने मागे यावे म्हणून. दुसरा चालत होता तो इंग्रज मागे येत होते म्हणून. नकाशावर काढलेल्या रेघांवरून हा फरक कळणे कठीण आहे. (दुसऱ्या बाजीरावाला न्याय मिळाला की नाही, हा वेगळा विषय आहे. बापू गोखल्यांसारखा सेनापती फेब्रुवारीत अष्टीला पडल्यावर परतून मारणारे कोण उरले होते, हेही विचारले पाहिजे.)

हुलकावणीचे शास्त्र लिहून ठेवण्याचे काम महाराष्ट्रात लढाईच्या ग्रंथांनी केले नाही. ते खेळांनी सांभाळले. तुकोबांच्या गाथेत हमामा, विटीदांडू यांच्याबरोबर ‘सुतुतू’ हा खेळही अभंगांचा विषय झाला आहे. त्यात आजच्या कबड्डीची जुनी खूण दिसते. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा खेळ आट्यापाट्यांचा. धान कापून झाले की मोकळ्या बांधीत आम्ही तो लहानपणी खेळलो आहोत. राख टाकून आखलेल्या पाट्या दुसऱ्या दिवशीच्या दवाने पुसट होत. आडव्या पाट्यांवर एकेक खेळाडू उभा, उभ्या सूरपाटीवर एक, आणि प्रतिपक्षाने त्यांच्यामधून शेवटच्या लोणपाटीपलीकडे जाऊन परत यायचे. या खेळात चेंडू नाही, दांडू नाही, पकड नाही. एका बाजूला स्पर्श आहे आणि दुसऱ्या बाजूला हूल. इंग्रजीतील पुस्तके त्याचे वर्णन हुलकावण्यांचा खेळ असेच करतात.

या खेळाचा सारा डोलारा एका नियमावर उभा आहे. पाटीवाल्याने आपली पाटी सोडायची नाही. तो डावीउजवीकडे कितीही धावला तरी पुढे येऊ शकत नाही. त्याचा तोल एका बाजूला गेला, की तो परत आणायला त्याला वेळ लागतो, आणि तेवढाच वेळ समोरच्याला हवा असतो. खोखोत हाच नियम आणखी कडक आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले, १९२४ साली बडोद्याहून ते पुस्तकरूपाने निघाले. तेव्हापासून पाठलाग करणाऱ्यावर दोन बंधने आहेत. त्याने मधली पट्टी ओलांडायची नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडायची नाही. पळणाऱ्यावर यांतले एकही बंधन नाही. म्हणून चांगला पळती खेळाडू पाठलाग करणाऱ्याला खांद्याने एक दिशा दाखवतो, ती त्याला घ्यायला लावतो, आणि त्याने ती घेतल्यावर दोन बसलेल्या खेळाडूंमधून निघून जातो. पाठलाग करणाऱ्याने शब्द देऊन टाकलेला असतो. तो फिरवायचा तर खो देऊन दुसऱ्याला उठवण्यावाचून गत्यंतर नसते.

मारणाऱ्याला आपला वार परत घेता येत नाही, ही ती मूळ गोष्ट. पडद्यावरचा लढाईचा खेळ नेमका याच पायावर उभा राहिला आहे, हे आमच्या उशिरा लक्षात आले.

आमच्यापैकी एकाचा या खेळांशी परिचय जुना आहे. नव्वदच्या दशकात नागपूरला शिकायला गेल्यावर सीताबर्डीच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मेसच्या पैशांतले काही रुपये नियमितपणे जात. तेथे ‘स्ट्रीट फायटर २’ हे यंत्र होते. जपानच्या कॅपकॉम कंपनीने ते १९९१ साली बाजारात आणले होते. त्यात बचाव अगदी सोपा होता : दांडी मागे ओढायची. मागे चालणे आणि वार अडवणे यांसाठी एकच हालचाल. पण हा बचाव फुकट नव्हता. खास डावांचे वार अडवले तरी थोडी ताकद कमी होई. शिवाय अडवून उभ्या असलेल्या माणसाला जवळ येऊन उचलून फेकता येई. उडी मारून सुटावे तर एकदा पाय जमिनीवरून सुटले की दिशा बदलता येत नसे, आणि खाली वाट पाहणारा प्रतिस्पर्धी उतरत्या माणसाला हाणी. त्या काळी पार्लरमध्ये मागे सरकून खेळणाऱ्याला शिव्या बसत. आमचे हे सहकारी शिव्यांना भिऊन पुढे जात आणि हरत.

पुढच्या काही वर्षांतील या खेळांचा इतिहास म्हणजे चुकवण्याला जागा शोधण्याचा इतिहास आहे. सपाट पडद्यावर दोनच दिशा होत्या, पुढे आणि मागे. वर जाणे धोक्याचे. एसएनके या दुसऱ्या जपानी कंपनीने ‘फेटल फ्युरी’ मालिकेत दोन समांतर पट्टे आखले, एकावरून दुसऱ्यावर उडी घेता येई. ते पाहताना आट्यापाट्यांची आठवण न होणारा मराठी माणूस विरळा. त्याच कंपनीच्या ‘किंग ऑफ फायटर्स’मध्ये १९९४ साली जागच्या जागी अंग चोरून वार चुकवण्याची सोय होती, १९९६ च्या आवृत्तीत तिच्या जागी कोलांटी आली, जी मारणाऱ्याच्या अंगाखालून पलीकडे नेत असे. कोलांटीतही वार लागत नसे, पण ती संपता संपता खेळाडू क्षणभर उघडा पडे, आणि जाणता प्रतिस्पर्धी तेवढ्यात त्याला धरे. चुकवणाऱ्यालाही आपला शब्द पाळावा लागतो, तो असा.

सेगाच्या यु सुझुकी यांचा ‘व्हर्च्युआ फायटर’ १९९३ साली आला आणि माणसांच्या आकृतींना खोली आली. गंमत अशी, की खोली आली तरी तिचा उपयोग करायला वाट नव्हती. आकृत्या त्रिमितीत होत्या, लढाई मात्र एका रेषेवरच चाले. १९९६ च्या तिसऱ्या भागात बाजूला सरण्यासाठी स्वतंत्र बटण दिले गेले. १९९७ च्या ‘टेकन ३’ मध्ये प्रत्येक पात्राला आडवे पाऊल मिळाले, आणि १९९८ च्या ‘सोलकॅलिबर’मध्ये आठही दिशांना चालणे मोकळे झाले. त्याबरोबर वारांचेही दोन कुळांत विभाजन झाले. उभा वार जोरकस, पण बाजूला सरणाऱ्याला तो लागत नाही. आडवा वार बाजूला सरणाऱ्याला गाठतो, पण बसून चुकवता येतो किंवा उभ्या वारापुढे मोडतो. आट्यापाट्यांत आडव्या पाटीवाल्याबरोबर उभ्या सुराची गरज का पडते, हे ज्याला कळले आहे त्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

आता थोडे गणित. साहित्याच्या वाचकांनी दोन मिनिटे सोसावे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. त्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. ‘टेकन’मधील सर्वांत जलद ठोसे साधारण १० फ्रेमांत पोहोचतात, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात. डोळ्याने पाहून बोट हलवायला माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. याचा अर्थ, जवळून मारलेला जलद ठोसा पाहून चुकवता येतच नाही. हे कळल्यावर आमचा एक मोठा गैरसमज गेला. चांगला चुकवणारा म्हणजे तीक्ष्ण नजरेचा, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात तो ठोशाला उत्तर देत नसतो. तो अशा अंतरावर उभा असतो, की जलद ठोसा पोहोचू नये आणि जो पोहोचेल तो लांब पल्ल्याचा, म्हणून संथ आणि दिसणारा असावा. जागा आधी ठरते, नजर नंतर कामाला येते. वर्गातला तो मुलगा अर्धे पाऊल मागे का असे, ते आता उमगले.

‘टेकन’मध्ये मागे उसळी घेण्याची एक रीत आहे, ती कोरियातील खेळाडूंच्या नावाने ओळखली जाते. मागे उसळी घेतल्यावर पाय काही क्षण बांधलेले राहतात, लगेच दुसरी उसळी घेता येत नाही. दांडी तिरकी खाली-मागे ओढून बसण्याची खूण दिली, की तो बांधलेला क्षण कापला जातो. मग पुन्हा उसळी, पुन्हा खूण. खेळाडू लाटेसारखा मागे जातो आणि वाटेत कोठेही थांबून उलटा वार करू शकतो. आमच्या विद्यार्थ्याने ही रीत आम्हांला तासभर शिकवली. ती आम्हांला आली नाही. मात्र त्या तासात तो मुलगा जे बोलत होता, ते लक्षात राहिले. नुसते मागे गेलात तर भिंत लागते, सर. मागे जाताना तो पुढे येतोय का ते बघायचे, नाही आला तर आपण परत पुढे जायचे. पहिल्या बाजीरावाच्या हालचालींवर आम्ही जे टिपण वर्गात देतो, त्यात एवढी स्पष्टता नाही.

हुलकावणीची सर्वांत गाजलेली घटना २००४ सालची. कॅलिफोर्नियातील पोमोना येथे ‘एव्हो’ ही वार्षिक स्पर्धा भरली होती, खेळ ‘स्ट्रीट फायटर ३’ची १९९९ मध्ये आलेली तिसरी आवृत्ती. जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग समोरासमोर होते. उमेहाराच्या केनची ताकद इतकी थोडी उरली होती, की वाँगच्या चुन-लीचा खास डाव त्याने नुसता अडवला असता तरी तो संपला असता. या खेळात आणखी एक उपाय होता : वार लागण्याच्या ऐन क्षणी दांडी पुढे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडे ढकलली तर वार निष्फळ होतो, ताकदही जात नाही. क्षण चुकला तर मात्र वार पूर्ण लागतो. उमेहाराने लागोपाठ १५ लाथा अशा परतवल्या, आणि मग उलट डाव टाकून ती फेरी जिंकली. अडवण्यासाठी मागे ओढायची दांडी येथे पुढे ढकलावी लागते, हे आम्हांला त्या आकड्याहून मोठे वाटते. ती स्पर्धा उमेहाराने जिंकली नाही, अंतिम सामन्यात तो हरला. पण आज लोकांना आठवतात त्या १५ लाथा.

आपल्या उपखंडातही हे कसब कमी नाही. लाहोरचा अर्स्लान सिद्दिकी, ‘अर्स्लान अ‍ॅश’ या नावाने खेळणारा, २०१९ मध्ये जपानमधील आणि अमेरिकेतील दोन्ही ‘एव्हो’ स्पर्धांत ‘टेकन ७’चा विजेता ठरला, तेव्हा त्याच्या ठोशांपेक्षा त्याच्या आडव्या पावलांची चर्चा अधिक झाली. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत ‘स्ट्रीट फायटर ५’चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी घेतले. भारताचेही दोन खेळाडू त्यात उतरले होते. किम तेव्हा ४४ वर्षांचे होते. चाळिशी ओलांडलेल्या अध्यापकांनी ही बातमी कापून ठेवली असेल तर त्यांना हसू नये.

एक गोष्ट मात्र आम्हांला बेचैन करते. चुकवणाऱ्याचे दिवस सर्वत्र भरत आले आहेत. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि ‘करो या मरो’ चढाई घरोघर पोहोचली : दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच, नाही तर चढाईवाला बाद. २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खोखोची पहिली स्पर्धा झाली, तेथे पाठलागाच्या बाजूला ‘वजीर’ मिळाला, ज्याला कोणत्याही दिशेने वळता येते. १९१४ पासून ज्या बंधनावर पळणाऱ्याचे सारे कसब उभे होते, ते बंधन एका खेळाडूपुरते का होईना उठले. पडद्यावरही तेच. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये (२०२३) वार अडवत राहिल्यास एक वेगळा साठा रिकामा होत जातो आणि तो संपला की खेळाडू हतबल होतो. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘टेकन ८’च्या निर्मात्यांनी आक्रमकता हेच आपले सूत्र असल्याचे उघड सांगितले होते. एप्रिल २०२५ च्या बदलांनंतर, आता सरकायला, सावरायला जागाच उरली नाही म्हणून खेळाडूंचा रोष एवढा उसळला, की तातडीने दुरुस्त्या कराव्या लागल्या.

कारण उघड आहे. चुकलेला वार दूरदर्शनवर दिसत नाही, बसलेला दिसतो. प्रेक्षक पैसे देतो ते धडक पाहायला. न्याय्य बोलायचे तर नियम करणाऱ्यांचीही बाजू आहे. चुकवणे फार सोपे केले, तर दोन भित्रे एकमेकांपासून दूर उभे राहून वेळ काढतात, आणि असा खेळ खेळणाऱ्यालाही नकोसा होतो. अल्टिमेट खोखोनेही जास्त वेळ टिकणाऱ्या पळतींना गुण देऊन तोल साधण्याचा प्रयत्न केला आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही आमचे मन पळतीच्या बाजूने आहे. आट्यापाट्या मागे पडल्या तेव्हा त्यांच्याबरोबर मृदंग, कोंडी, लोण हे शब्द मागे पडले. आमची मुले ‘डॉज’ म्हणतात. ‘झुकांडी’ हा शब्द वर्गात विचारला तेव्हा चाळीसांपैकी तिघांना माहीत होता, आणि त्या तिघांनाही तो आजोबांकडून आलेला होता.

दिवाळीनंतर, मंडईचे दिवस सरल्यावर, आम्ही मैदानाच्या एका कोपऱ्यात चुन्याने पाट्या आखल्या. नऊ आखायच्या होत्या. चुना कमी पडला म्हणून सातच झाल्या. लॅपटॉपवर हरलेल्या मुलाला सूर केले, कारण तो दणकट आहे आणि धावतो. जिंकलेला कपाळपाटीसमोर आला, अर्धे पाऊल मागे उभा राहिला आणि थांबला. सुराने वाट पाहिली. बराच वेळ कोणीच हलले नाही. मग सूर डावीकडे झेपावला.

बाहेर उभ्या असलेल्या मुलांतून कोणीतरी ओरडले, ‘‘दिली, दिली!’’ काय दिली, ते त्याला विचारायचे राहून गेले.